येळवस वगळली आणि जावई सुटला

माझी आई जिंकली, हे आधीच सांगून टाकते. रहस्यकथा लिहिणारे असली गोष्ट शेवटच्या पानापर्यंत दाबून ठेवतात, मला तेवढा दम निघत नाही. शिवाय ती कशी जिंकली हे कळल्याशिवाय तुम्ही उठणार नाही, याची मला खात्री आहे.

अहमदपूरला आमचं किराणा दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, मधे पडदा. माल पुडीत बांधून द्यायचे ते दिवस. रद्दीचं पान फाडायचं, त्याचा शंकू वळायचा, जिरं-मोहरी भरायची आणि दोऱ्याने आवळायचं. रद्दी पोत्याने यायची. त्यात वर्तमानपत्रं असत, पोरांच्या वह्या असत आणि कधीमधी कुणीतरी घर आवरताना काढलेली पुस्तकं असत. ही रद्दी निवडायचं काम आईचं. शिक्षण सातवीपर्यंत, पण वाचायची भूक अशी की कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेली तरी हातातल्या फुटाण्याच्या कागदावर काय छापलंय ते वाचूनच उठायची.

रद्दीत रहस्यकथा सापडली की ती मिठाच्या पोत्यामागे जायची. त्यातल्या एका लेखकावर आईचा फार जीव. तो आमच्याच भागातला असावा, कारण त्याच्या गोष्टींत ज्वारी होती, तूर होती, कडक उन्हाळा होता. त्याचा गुप्तहेर म्हणजे एक म्हातारा पेशकार. कचेरीत साहेबापुढे कागद ठेवण्यात आयुष्य गेलेला, छत्री बाळगणारा, पायाने जरा अधू. खून झालेल्या घरात शिरला की पहिला प्रश्न एकच, "जेवलात का?" कोण जेवलं, कोण नाही, कुणी काय खाल्लं, कुणाबरोबर बसून, यावरून तो गडी खुनी धरायचा. आई म्हणायची, "ह्याला बायकांची अक्कल हाय."

आता वादाची गोष्ट. तिच्यात एका तालुक्याच्या गावी कापसाच्या जिनिंगचा मालक घरात विष घालून मारला जातो. दिवस येळवसचा. ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: मार्गशीर्ष संपतो त्या अमावास्येला आमच्या लातूर-नांदेडकडे अख्खं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची कोपी उभी करायची, तिच्यात पूजा मांडायची आणि भज्जी, बाजरीचे उंडे, गाडगंभर आंबील असं जेवायचं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले हाक मारून नेतात. तर घरचे सगळे शेतात, मालक तापाने फणफणलेला म्हणून एकटाच घरी. संशय दोघांवर. एक घरातला जुना दिवाणजी, दुसरा त्याच दिवशी परगावाहून आलेला जावई. जावई जबानीत म्हणतो, "दुपारी गाडीतून उतरलो, बाजारात शिंप्याकडे कोट टाकला, दुकानात गर्दी होती म्हणून तिथेच बसलो, घरी आलो ते संध्याकाळी."

आई इथपर्यंत आली होती आणि शेवटची आठ पानं दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवली होती. ती पानं गेली.

मी तेव्हा सातवीत होते, त्यामुळे मला सगळं लख्ख आठवतं. त्या आठवड्यात अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, चष्म्याची काडी आणि एक काच फुटली होती. चष्मा दुरुस्तीला लातूरला गेलेला. अप्पांना जवळचं अजिबात दिसत नसे. ते हाताच्या अंदाजाने माल देत होते. चाकूरकडचं एक गिऱ्हाईक पूजेचं सामान न्यायला आलं, रद्दी संपलेली, अप्पांचा हात मिठाच्या पोत्यामागे गेला आणि त्यांनी आठ पानांच्या आठ पुड्या बांधून दिल्या. सुपारी, हळद, कापूर, आणि खुनी.

आईने आकांत केला नाही. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती एसटीने चाकूरला गेली, तिथून दोन कोस चालत त्या गिऱ्हाइकाच्या गावी. घरमालकीण भली बाई होती. तिने चहा दिला आणि कागद चुलीत गेल्याचं सांगितलं. परतीच्या वाटेवर आई एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर तीन दिवस अप्पांशीही बोलली नाही. भाकरी ताटात पडत होती, पण आवाज न करता.

चौथ्या दिवशी सकाळी अप्पा पडदा सारून आत आले आणि म्हणाले, "अगं, फाडताना मी शेवटचं पान वाचलं हुतं की. दिवाणजीनं मारलं त्याला."

आई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असं? मला तर जावई वाटतो."

आणि तीन दिवसांचा अबोला संपून पस्तीस वर्षांचा वाद सुरू झाला.

आईचा मुद्दा सरळ होता. "आवो, येळवसला बाजारात कुत्रं तरी दिसतं का? आन् हा म्हणतो शिंप्याकडं गर्दी हुती! बाहेरचा माणूस, त्याला येळवस ठावं न्हाई, म्हणून खोटं बोलताना चुकला." अप्पा म्हणायचे, "छापलेलं मी वाचलंय, तू नुसता अंदाज करून राहिलीस. आन् जावयावर आळ घेती व्हय? उद्या आपल्या पोरीला कोण करून घेईल?" पाहुण्यारावळ्यांत अप्पांची बाजू जड. वाचलेल्या माणसापुढे न वाचलेल्या बाईचं कोण ऐकतो? सणावाराला चेष्टा ठरलेली, "काय वहिनी, जावयाला फाशी झाली का?" आई हसण्यावारी न्यायची. पण मला माहीत होतं, तिला ते लागायचं. तिने आयुष्यात फारशा गोष्टींवर हक्क सांगितला नाही. ही एक गोष्ट तिने डोक्याने मिळवली होती आणि तीच कुणी तिला देत नव्हतं.

यंदा मार्गशीर्षात अप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला झालं. मी इथे कॉलेजात शिकवते, तेव्हा दोघं आमच्याकडेच होते. अप्पांच्या डोळ्यांवर काळा चष्मा, टीव्ही बघायला डॉक्टरांची मनाई. आणि नेमकी त्याच आठवड्यात एका वाहिनीवर जाहिरात लागली, जुन्या मराठी रहस्यकथांवर नवी मालिका. पहिल्याच भागात जिनिंगचा मालक मेलेला दिसला आणि आई सोफ्यावरून उठून टीव्हीपाशी जाऊन उभी राहिली. "हीच! हीच ती गोष्ट!"

मग पाच संध्याकाळी आमच्या घरात स्वयंपाक साडेसातच्या आत उरकायला लागला. अप्पा टीव्हीकडे पाठ करून कानाने मालिका बघत.

मालिका वाईट होती असं मी म्हणणार नाही. जुन्या गोष्टीत मेलेल्या मालकाची बायको दोन ओळी रडून गप्प बसते. मालिकेत तिला तोंड दिलं होतं, आणि ती नवऱ्याबद्दल असं काही बोलली की आईने मान डोलावली. "हे बाकी ब्येस केलं." पण पेशकाराचा पाय बरा झाला होता. म्हातारा तिशीत आला होता, छत्रीच्या जागी मोटारसायकल, आणि "जेवलात का" हा प्रश्न गायब. त्याऐवजी तो काचेच्या फळ्यावर फोटो चिकटवून त्यांना लाल दोरे बांधत होता. "एवढा दोरा तर आमच्या दुकानात महिन्याला लागायचा," आई म्हणाली. जिनिंगचा कारखाना थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यात गेला होता. आणि येळवस? येळवसच्या जागी एकतीस डिसेंबरची पार्टी होती.

आई तिथेच म्हणाली, "आता हे फसणार."

शेवटच्या भागात दिवाणजी, म्हणजे मालिकेतला मॅनेजर, कॅमेऱ्याच्या चित्रीकरणात सापडला. खुनी दिवाणजी! अप्पांनी काळ्या चष्म्यासकट टाळी मारली. "काय सांगत हुतो मी? पस्तीस वर्षं काय सांगत हुतो?" अर्ध्या तासात त्यांनी अहमदपूरला चार फोन केले. माझे यजमान साताऱ्याकडचे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ते नेमके येळवसला आमच्या गावी उतरले होते आणि बाजारभर हिंडून त्यांना चहाचा एक कप मिळाला नव्हता. त्यांनी आईची बाजू घेऊन हे सांगून बघितलं. अप्पा म्हणाले, "जावई जावयाचीच बाजू घेणार, पण तुम्ही उलटीकडून घेऊन राहिले."

सगळे हसले. आई हसली नाही. ती शांतपणे म्हणाली, "त्यांनी येळवस काढली. एकतीस तारखेला बाजारात गर्दी असतीच, म्हणजे जावयाची जबानी खरी झाली. मग त्याला धरायचं कशानं? म्हणून दिवाणजीला अडकवला. आपली येळवस वगळली आन् जावई सुटला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला पुस्तक आणून दे. ती आठ पानं मला पाहिजेत."

साहित्य शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली. कथेचं माध्यमांतर या विषयावर मी पोरांना तास-तास बोलले आहे. पण मूळ गोष्टीतून एक सण काढला की न्याय कसा फिरतो, हे कुणी मला इतक्या कमी शब्दांत सांगितलं नव्हतं. मला आईचा अभिमान वाटला आणि स्वतःचा रागही आला. एवढी वर्षं मी पण मनातल्या मनात अप्पांचंच खरं धरून चालले होते.

नांदेडच्या जुन्या पुस्तकवाल्यांनी हात वर केले. शेवटी कॉलेजातल्या हिमायतनगरच्या एका मैत्रिणीने सांगितलं, तिच्या गावच्या वाचनालयात असल्या पुस्तकांचं एक कपाट पडून आहे. रविवारी मी बस धरली. पुस्तक होतं, लाल कापडी बांधणीचं, शेवटच्या पानापर्यंत शाबूत. ग्रंथपाल म्हातारे आणि नियमाचे कडक. पुस्तक बाहेरच्याला मिळणार नाही. पण आईची हकीगत ऐकल्यावर ते स्वतः पुस्तक काखेत मारून माझ्याबरोबर झेरॉक्सच्या दुकानात आले. मी पानांकडे पाठ करून उभी राहिले. आईच्या आधी वाचायचं नाही, असं मी ठरवलं होतं. झेरॉक्सवाला मात्र एकेक पान उलटताना वाचत होता. शेवटचं पान झाल्यावर त्याने शीळ घातली आणि म्हणाला, "मॅडम, सांगू का?"

"तोंड उघडलंस तर बघ," मी ओरडले. ग्रंथपाल खुदकन हसले, म्हणजे त्यांनीही वाचलं होतं.

झेरॉक्सची पानं पाकिटात घालून, पाकीट डिंकाने चिकटवून मी ते आईच्या हातात दिलं. तिने कडा तपासल्या, उशीखाली ठेवलं आणि जाहीर केलं, "येळवसला वाचायचं. शेतात." तोवर ती दोघं अहमदपूरला परतली, अप्पांचा काळा चष्मा निघाला. बारा दिवस ते पाकीट तसंच राहिलं. मी असते तर पहिल्याच दिवशी फाडलं असतं.

येळवसच्या दुपारी आम्ही चौघं आमच्या दोन एकरांत कोपीसमोर बसलो. पूजा झाली होती, जेवणं व्हायची होती. चारी बाजूंच्या शेतांतून माणसांचे आवाज येत होते. आईने चष्मा पुसला, पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सहा पानं पेशकार नुसता इकडचं तिकडचं बोलत राहिला. दिवाणजीला खोदून खोदून विचारलं तेव्हा अप्पा मांडी सावरून बसले. सातव्या पानावर पेशकार जावयाकडे वळला.

आईने तिथे ओळीखाली बोट धरलं. तिने वाचलं, "जावईबापू, त्या दुपारी तुमच्या कोटाचं माप घेणारा शिंपी कोण हो? आमच्या गावचा शिंपी तर माझ्या शेतात, माझ्याच पंगतीला जेवत होता."

मी किंचाळलेच. यजमानांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, शेजारच्या शेतातली माणसं बांधावर येऊन बघायला लागली. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. आईने मात्र उरलेलं पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, कागद नीट जुळवले आणि मांडीवर ठेवले. पस्तीस वर्षांनी तिला तिचं मिळालं होतं.

अप्पांनी तिच्या मांडीवरचं शेवटचं पान उचललं, परत ठेवलं. मग म्हणाले, "मी वाचलंच नव्हतं ते पान. तू बोलंना गेलीस, मला घर खायला उठलं. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो."

"ठावं हाय," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुमचा चष्मा लातूरला हुता."

हा पुरावा आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. चष्मा नव्हता म्हणून तर पानं फाटली, ही गोष्ट मी स्वतः शंभर वेळा हसत सांगितली होती. मी म्हटलं, "मग आई, एवढी वर्षं बोलली का नाहीस? सगळ्यांनी तुझी चेष्टा केली."

"खुनी धरायचा असतो, बाई. हे तर बोलायला आले हुते माझ्याशी. त्यांला कशाला धरू?"

अप्पा उठले. येळवसला आंबिलीचा पहिला मान घरच्या कर्त्या पुरुषाचा, तो आजवर त्यांनी कधी सोडला नव्हता. त्यांनी गाडग्यातली आंबील स्वतःच्या हाताने पेल्यात ओतली, दोन्ही हातांनी आईपुढे धरली आणि विचारलं, "पेशकारसाहेब, जेवलात का?"