मुळाकाठ पंप लिमिटेड

जगात कंपन्या पुष्कळांनी काढल्या, चालवल्या आणि बुडवल्याही. पण परीक्षेच्या गणितातल्या कंपनीसाठी जीव टाकणारा माणूस माझ्या आतेभावाशिवाय दुसरा झाला नाही, आणि यापुढे होईल असंही वाटत नाही. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघे विद्यापीठात एम.कॉम. करत होतो आणि 'वित्तीय व्यवस्थापन' नावाचा विषय आमच्या मानगुटीवर बसला होता. पुस्तकातलं प्रत्येक गणित 'अबक कंपनी'पासून सुरू व्हायचं. तुम्ही-आम्ही तिथून थेट आकड्यांवर उडी मारतो. हा तिथेच अडायचा. "अबक? बारशाला घरात कोणी न्हवतं का काय?" असं म्हणून पेन्सिल खाली ठेवायचा. मग त्याने तिचं नाव ठेवलं, मुळाकाठ पंप लिमिटेड. आपल्या गावाच्या, भुकूमच्या, मागच्या माळावर तिचा कारखाना बांधला, फाटक पूर्वेला काढलं, आणि भांडवल उभारायच्या आधी कॅन्टीन उभारलं. "कॅन्टीनचा गणिताशी काय संबंध?" मी विचारलं. "मानसं जेवनार न्हाईत व्हय?" त्याने मलाच विचारलं.

मी भुकूमला राहायला गेलो होतो ते आत्याच्या हुकमावरून. तिचा मुलगा याच एका पेपरात दोनदा आपटला होता आणि मी घराण्यातला हुशार समजला जात होतो. ही ख्याती कशी पसरली हे माझ्या शिक्षकांनाही कधी उमगलं नाही. माझी पद्धत सोपी होती. खेळत्या भांडवलाची व्याख्या मी स्तोत्रासारखी एका दमात म्हणायचो. ते भांडवल नेमकं कुठे खेळतं असं कोणी विचारलं, तर मात्र मी पाणी प्यायला उठायचो. इकडे नेऱ्याची एक मुलगी आत्याला पसंत पडली होती, त्यालाही ती आवडली होती, आणि तिला तो. अडले होते ते फक्त होणारे सासरे. 'पोराची पंपांची कंपनी हाय' असं त्यांनी एसटीत ऐकलं आणि ते हरखून आत्याकडे आले. खरा प्रकार कळल्यावर त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "कंपनी कागदावर हाय म्हंता, तर पदवी तरी कागदावर येऊ द्या. या खेपेला पास झाला तर तारीख धरू. न्हाईतर दुसरं एक स्थळ आलंय, त्यास्नी आमी थांबवून ठेवलंय." तेव्हापासून घरात आत्या सोडून कोणालाच नीट झोप लागेना. तिचा माझ्यावर विश्वास होता.

आतेभावाला मनात वाचताच यायचं नाही. विषय दुसऱ्याला समजावून सांगितला तरच तो त्याच्या डोक्यात शिरायचा, आणि पौडहून येणारी सकाळची एसटी हा त्याचा हक्काचा वर्ग होता. पुण्याला भाजी घेऊन जाणाऱ्या एक मावशी पायांत पाटी धरून पहिल्या बाकावर बसलेल्या असत. हजेरी त्याच घ्यायच्या. "काय रं, कंपनी कशी हाय?" की हा सुरू. कच्चा माल महागला की गाडीतली मंडळी चुकचुकायची. कर्ज मंजूर झालं की दूधवाले मान डोलवायचे. एकदा त्याने लाभांशाचं धोरण काढलं. नफा झालाय, पण यंदा भागधारकांना काही वाटायचं नाही, सगळा विस्ताराला लावायचा, असं त्याने जाहीर केलं आणि गाडी पेटली. "वाटू नगा? मग आमी कशापायी थांबलो?" असं मागून कोणीतरी ओरडलं. ज्यांचा कंपनीत एक छदाम नव्हता ते हातघाईवर आले. निम्मी गाडी वाटा म्हणत होती, निम्मी ठेवा म्हणत होती, आणि कंडक्टर अध्यक्ष होऊन दोन्ही बाजूंना बोलायची संधी देत होता. त्या गडबडीत घंटी द्यायची राहून गेली आणि बावधनला उतरणारे सगळे थेट चांदणी चौकात उतरले. उतरतानाही ते लाभांशावरच भांडत होते.

घरी मात्र त्याचं काही चालत नसे. पावसाळ्यासाठी आत्याने पडवीत आढ्यापर्यंत सरपण रचलं होतं. त्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आई, हे अडकून पडलेलं भांडवल हाय." आत्या म्हणाली, "पडू दे अडकून. श्रावणात काय तुझं पुस्तक जाळून भाकरी भाजू?" घसारा शिकला त्या दिवशी तर तो नीट जेवलाच नाही. यंत्राची किंमत दरवर्षी कमी कमी लिहीत जायची, हे त्याला माणुसकीला सोडून वाटलं. "इतकी वर्सं राबलं ते, आन् शेवटी भंगार म्हनायचं?" मी त्याला घसाऱ्याची व्याख्या म्हणून दाखवली. त्याने ताट बाजूला सारलं.

परीक्षेचा दिवस आला. शेवटचा, सगळ्यात जास्त गुणांचा प्रश्न असा होता: अबक कंपनीचा सुट्या भागांचा विभाग तोट्यात आहे, तो बंद करावा काय? आकडेमोड केली की उत्तर लख्ख येत होतं. मी 'बंद करावा' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या आणि वर बघितलं, तर आतेभाऊ पुरवणी मागत होता. मग आणखी एक. घंटा झाल्यावर पर्यवेक्षकांनी पेपर त्याच्या हातातून ओढूनच घेतला.

"तू बंद केलास?" बाहेर येताच त्याने विचारलं.

"अरे, आकडेच सांगत होते. तुझे वेगळे आले?"

"आकडे तेच आले. पर आकड्यात मजुरी हुती. मजुरी म्हंजे मानसंच की."

मी कपाळाला हात लावला. आता नेऱ्याला थांबवून ठेवलेलं ते दुसरं स्थळ मला घोड्यावर बसलेलं दिसू लागलं.

परतीच्या गाडीत मावशी रिकामी पाटी घेऊन बसल्याच होत्या. त्याने सगळं सांगितलं. "बंद करा म्हनत हुता आकडा," असं तो म्हणाला तेव्हा मागच्या बाकांवरची मंडळी पुढे सरकली.

"मग रं?" मावशींनी विचारलं.

"न्हाई केला. पंपदुरुस्तीची कामं घ्या म्हनलं. जरा मुदत मागितली."

"आन् पास व्हशील का?" कंडक्टरने मुद्द्याचं विचारलं.

"त्ये न्हाई सांगता येत," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा एवढासा झाला. मावशींनी पाटीच्या तळाशी उरलेला एक पेरू काढून त्याच्या हातात ठेवला. मला कोणी काही विचारलं नाही.

तो पास झाला! अगदी काठावर, पण झाला. आकडेमोड बरोबर होती म्हणून, असं मी म्हणतो; पुरवण्या वाचून परीक्षकाला पाझर फुटला, असं आत्या शेवटपर्यंत म्हणत राहिली. नेऱ्याच्या मांडवात एसटीतली निम्मी मंडळी होती आणि कंडक्टर मानाचा फेटा बांधून मिरवत होता.

पुढे आतेभाऊ पुण्यात एका कॉलेजात शिकवायला लागला. जायचा त्याच गाडीने, पण आता शिकायचं असं काही उरलं नव्हतं. खिडकीशी बसून पेपर वाचायचा. एकदा मीही त्याच्याबरोबर होतो. बराच वेळ त्याच्याकडे बघून मावशींनी विचारलं, "का रं, हल्ली कंपनीचं काय सांगत न्हाईस? बंद पडली का काय?"

शिक्षण संपलं, असं काहीतरी तो सांगेल असं मला वाटलं. त्याने पेपराची घडी घातली. "न्हाई मावशी. झकास चाललीय. मीच सोडली."

"सोडलीस? एवढी चांगली कंपनी?" मावशी हळहळल्या. मग पाटी जवळ ओढून घेत हळूच म्हणाल्या, "सोडताना सांगायचं तरी हुतंस, बाबा. आमी काय परकी हुतो?"

एवढ्या गाडीला रोज समजावून सांगणाऱ्या माझ्या आतेभावाने घडी घातलेला पेपर उगाच पुन्हा उघडला.