महबूबचं हिरवं पाणी

महबूबला आमच्या राहू गावात समदी ‘शेवाळवाला’ म्हणायची. मीबी म्हणायचो, खोटं कशाला बोलू! साल असंल एकसष्ट. सरकारी खात्यानं गावाबाहेरच्या तळ्यावर त्याला हंगामी नेमला. रेल्वेनं दौंडला आलेली माशांची पिलं त्यानं तळ्यात सोडली आन् पाण्यात शेण कालवाय लागला.

“अरं, मासं पाळतोस का गोठा?” मी चिडवलं.

त्यानं फडक्यातनं पाणी गाळून हिरवट बुळबुळ दाखवली. “आप्पा, ह्यात डोळ्याला न दिसणारं जीव हायेत. शेणावर वाढत्यात, पिलं त्येंच्यावर जगत्यात. पर लई माजलं तर घात.” मग कोपरापातूर हात बुडवला. तळवा दिसंना झाला की बास, वर काय टाकायचं न्हाई.

माघात मासं वितीएवढं झालं. साहेब बघाय येणार व्हता. पसंत पडलं तर महबूब कायम व्हणार. नेमकी त्याची आई तळेगाव ढमढेऱ्याला आजारी पडली. “चार दिस लक्ष ठेवा, आप्पा,” म्हणून तो गेला.

माझं गुऱ्हाळ तवा जोरात. म्हटलं, शेणानं एवढं, तर रस उकळताना काहिलीवर येणाऱ्या मळीनं किती! साहेबानं तोंडात बोट घालावं, म्हणून चार डबं मळी ओतली. मोठा शहाणा मी! तिसऱ्या दिशी पाणी हिरवंगार झालं. हात बुडवून बघायचं मला सुचलंच न्हाई.

चौथ्या दिशी आभाळ आलेलं. सकाळी बघतो तर समदं मासं वर येऊन तोंडं उघडत्यात. मला वाटलं, भुकेली बिचारी! आणिक दोन डबं ओतलं. माजलेल्या शेवाळानं पाण्यातली हवा संपवली व्हती; हवेसाठी तडफडत व्हती ती, आन् मी त्यास्नी खायला घालत बसलो. दुपारपातूर तळं मेलेल्या माशांनी भरलं.

महबूब आन् साहेब एकाच दिशी आलं. “कुणी केलं हे?” साहेब वरडला.

महबूब खाली बघत म्हणाला, “खत माझ्याकडनंच जास्ती झालं, साहेब.”

गावचा पंच मी, शेजारी उभा. महबूबला त्याच दिशी काढला. तो दौंडला स्टेशनावर हमाली कराय लागला.

दोन वर्सं मला अन्न गोड लागलं न्हाई. शेवटी दौंडला त्याचं घर हुडकलं. त्याच्या बायकूनं, रजियानं, चहा ठेवला. मी रडतच समदं सांगितलं.

“ठाऊक व्हतं, आप्पा,” महबूब म्हणाला. “मळीचा वास लपतो व्हय?”

“मग तवाच का न्हाई बोललास, बाबा?”

“म्हटलं, तुम्हीच बोलाल.”