कॅप्टनची ब्लेड आणि काजूचं तेल

"ह्यो माका नको. ह्याच्यान ढोरां हाकूची," असं म्हणून कॅप्टन रेडकरांनी मी दिलेला सेव्हन आयर्न माझ्या टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

माझं काम क्लब फिटिंगचं. शिंपी माप घेऊन कपडे बेततो तसं मी गोल्फ खेळणाऱ्याचं माप घेऊन त्याला काठ्या बेतून देते. काठी म्हटलं की मेंबर लोकांना राग येतो, म्हणून क्लब म्हणायचं. मी दोडामार्गची. गोव्यातल्या एका गोल्फच्या दुकानात काउंटरवर बसायला म्हणून लागले, रोज स्कूटरवरून ये-जा. काउंटरवर गिऱ्हाईक कमी आणि मागच्या वर्कशॉपमध्ये गंमत जास्त, त्यामुळे क्लब वाकवायला, सोलायला, जोडायला तिथल्या मिस्त्रीकडून शिकले. आता वेंगुर्ल्याजवळच्या सड्यावर एका रिसॉर्टचा नऊ होलचा कोर्स आहे, तिथे नोकरी करते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. तिथे पावसाळ्यानंतर गवत टिकवणं हेच मोठं काम, आणि त्यावर आम्ही बॉल मारतो.

कॅप्टन रेडकर मालवाहू जहाजांवरून रिटायर झालेले, वय चौसष्ट, हँडिकॅप पाच. हँडिकॅप म्हणजे तुम्हाला किती फटक्यांची सूट मिळते तो आकडा. जेवढा कमी तेवढा खेळाडू मोठा. आमच्या कोर्सवरच्या बहुतेकांचा आकडा पंचवीसच्या पुढे, म्हणजे पाचवाल्याला काय मान असेल बघा. गोव्याच्या क्लबबरोबर दरवर्षी मॅच होते, तिच्यात पहिल्या नंबरावर कॅप्टनच खेळायचे. यंदा मात्र सावंतवाडीचा एक अठ्ठावीस वर्षांचा मेंबर जोरात होता आणि कॅप्टनचे फटके इकडे तिकडे जाऊ लागले होते.

आमचे मॅनेजर नाईक साहेब मला म्हणाले, "सुजाता, त्यांचं फिटिंग कर आणि लेखी रिपोर्ट दे. मशीन काय म्हणतं ते लिही."

"तुम्हीच का नाही सांगत त्यांना?"

"मी कसं सांगणार? मशीन सांगू शकतं."

कॅप्टनना हवी होती फोर्ज्ड ब्लेड. आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचे क्लब, दोन जातीचे. एक ओतीव, साच्यातून काढलेला. दुसरा घडीव, म्हणजे फोर्ज्ड. लोहार कोयता घडवतो तसं तापलेलं नरम लोखंड दाबून केलेला. ब्लेड म्हणजे घडीवांतला सोवळा प्रकार: डोकं छोटं, पाठ सपाट, बॉल बरोबर मधोमध लागला तर हाताला लोण्यासारखा लागतो. अर्धं बोट बाजूला लागला तर मात्र झिणझिण्या थेट कोपरापर्यंत. याउलट कॅव्हिटी बॅकच्या पाठीत खळगा असतो, वजन कडेला वाटलेलं असतं, त्यामुळे तो चुका पोटात घालतो. कॅप्टनच्या मते चुका पोटात घालणारा क्लब हा गुराख्याचा.

ब्लेड कोणी घ्यावी याचा नियम सोपा आहे. क्लबच्या तोंडावर बॉलचे ठसे एका रुपयाच्या नाण्यात बसले तर घ्या, नाही बसले तर लोभ सोडा. ठसे बघायला महागडे स्टिकर मिळतात. आमच्याकडे ते दमट हवेत सुटतात, म्हणून मी ओलं फडकं फिरवून वर घामोळ्यांची पावडर मारते.

कॅप्टनच्या बरोबर त्यांच्या पत्नी, माई, थर्मास घेऊन आल्या होत्या. कॅप्टन बॉल मारत होते, मी बॉलचा वेग आणि दिशा मोजणाऱ्या मशीनच्या स्क्रीनवरचे आकडे टिपत होते आणि माई माझ्याशी बोलत होत्या.

"गो, तू शिकलेली आसस, ह्यांका जरा सांग. हल्ली बरणीचा झाकण लावतत ता माका उघडूक जमना नाय. लोणचा खाऊक शेजारच्या झिलाक बोलवचा लागता."

मी हसले आणि आकडे टिपत राहिले. हे हसणं मला पुढे महाग पडलं.

ब्लेडनं बारा फटके झाले. ठसे नाण्यात सोडा, बशीत मावले नसते. मी कॅप्टनना ते दाखवले.

"चार दिवस हातात ऱ्हवांदे, मगे बघ," ते म्हणाले.

"कॅप्टन, तुमच्यासाठी कॅव्हिटी बॅक बरी."

तेव्हाच तो ढोरांचा उद्गार निघाला आणि टेबलाला खोक पडली. शेवटी आमचा ब्लेडचा डेमो सेट, वापरून बघायला ठेवलेला, ते घरी घेऊन गेले. तोही रॉ फिनिशचा, म्हणजे वर क्रोमचा मुलामा नसलेला. "क्रोम म्हणजे मेकअप," हे त्यांचं मत. रॉ लोखंड समुद्राच्या हवेत दोन दिवसांत लाल होतं हे मी बजावलं होतं. ते म्हणाले, चाळीस वर्सां दर्यार काढलंय, माका गंज शिकवतंस?

मी रिपोर्ट लिहिला. 'वयोमानामुळे फटक्यात सातत्य नाही. ब्लेड योग्य नाही.' दोन वाक्यं. चांगली वाटली मला. संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर टीम जाहीर झाली. पहिल्या नंबरावर सावंतवाडीचा मेंबर, आणि अगदी खाली, राखीव खेळाडू: कॅप्टन रेडकर. त्यावर कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

पाचव्या दिवशी ते आले ते दोन्ही तळव्यांना पट्ट्या गुंडाळून. मागे माई.

"काय झालं?"

"इचार तेंकाच," माई म्हणाल्या.

झालं होतं असं. ब्लेड गंजू नयेत म्हणून कॅप्टननी त्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं. त्यांचे वडील होडीच्या लाकडाला तेच लावायचे, होडी तीस वर्षं टिकली. हे तेल कातडीला लागलं की फोड येतात, हे वेंगुर्ल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कॅप्टननाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी ब्रशनं लावलं, हातमोजे घालून, जहाजावरच्या शिस्तीत. मग जास्तीचं तेल एका टॉवेलनं पुसलं आणि तो टॉवेल शिस्तीत गोल्फ बॅगला अडकवला. दुसऱ्या दिवशी दर फटक्याआधी त्याच टॉवेलला हात पुसले.

"खोबरेल होता घरात," माई म्हणाल्या. "पण ता बायकांचा!"

मी हसू दाबलं. कॅप्टन म्हणाले, "दोन बॉल मारतंय."

"हाताची ही दशा आणि बॉल?"

"हात भाजलेत, मान नाय मोडली. राखीवाक प्रॅक्टिस करूची बंदी आसा काय?"

डेमो सेटला हात लावायची माझी हिंमत नव्हती, म्हणून दुकानातली दुसरी ब्लेड दिली, पावडर मारून. कॅप्टननी पट्ट्यांच्या हातात ती हळूच धरली, अंडं धरावं तशी. सावकाश मारली. आवाज आला तो ऐकून मी मान वर केली. गोल्फमध्ये नीट लागलेल्या बॉलचा आवाज कानाला कळतो, त्याला मशीन लागत नाही.

सहा बॉल मारले. ठसे पाहिले. सहाही एका नाण्यात.

चौसष्टचे पाच दिवसांत चाळीस होत नाहीत. मग बदललं काय? दुखतं म्हणून पकड सैल, हे एक. आणि तळव्याला पट्टी, म्हणजे दांड्याची मूठ जाड झाल्यासारखी. मूठ म्हणजे ग्रिप, रबराचं वेष्टण. मी त्यांच्या जुन्या क्लबची ग्रिप हातात घेतली. झिजून लेखणीएवढी बारीक आणि कडक झाली होती. तेव्हा माझ्या डोक्यात लोणच्याची बरणी वाजली.

"कॅप्टन, मूठ मिटा बघू. पट्टीच्या वरची बोटं."

शेवटची दोन बोटं पूर्ण मिटेनात.

"कधीपासून?"

त्यांनी माईंकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं. "दोन वर्सां. सकाळची वळनत नाय. धरलंय काय नाय ता कळना नाय, म्हणान मगे घट्ट धरतंय."

"सांगितलं का नाही?"

"कोणाक सांगू? कॅप्टनाची बोटां दुखतत म्हणान?"

माईंनी थर्मासचं झाकण उघडून कॅप्टनपुढे चहा धरला, आणि मला स्वतःची लाज वाटली. फिटिंगच्या पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलंय: आधी हात बघा. पहिलं पान कोणी वाचत नाही. मी तर मशीन आल्यापासून पुस्तकच उघडलं नव्हतं. माणसाला दोन वाक्यांत म्हातारं करून मोकळी झाले होते.

त्याच पावली नाईक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, माझा रिपोर्ट चुकलाय."

"मशीन खोटं बोललं?"

"मशीन खरं बोललं. ठसे का पांगले ते मी तपासलं नाही. वय लिहून टाकलं."

"आता रिपोर्ट मागे घेतलास तर तुझ्या मशीनवर कोण विश्वास ठेवील?"

"मशीनवर ठेवा. माझ्यावर थोडा कमी ठेवा."

साहेबांनी पेन टेबलावर आपटलं. मग ग्रुपवर नवी यादी टाकली: पहिले कॅप्टन, दुसरा सावंतवाडीचा. कारण लिहिलं, 'तांत्रिक'.

मी डेमो सेटच्या ग्रिप कापून काढल्या, दांड्यावर टेपचे दोन जादा फेरे दिले आणि वर जाड, मऊ ग्रिप चढवल्या. डेमो सेटची डोकी हातमोजे घालून थिनरनं धुतली आणि माईंच्या देखत खोबरेल लावलं. टॉवेल जाळला नाही, त्याचा धूरही बाधतो. खड्ड्यात पुरला. एक गोष्ट मात्र मी कॅप्टनना स्पष्ट सांगितली: पाचपासून पुढे ब्लेड, चार नंबर कॅव्हिटी बॅक. आकडा जेवढा लहान तेवढा फटका लांब, आणि लांबचा आयर्न ब्लेडमध्ये मारायला विशीतली कंबर लागते.

त्यांनी तो चार नंबर उलटा करून पाठीतल्या खळग्यावर अंगठा फिरवला. "ह्येका टोपी घाल," म्हणाले, "आणि कोणाक सांगू नको." मी त्याच्या डोक्यावर कापडी टोपी चढवली, खळगा झाकला.

मॅचच्या दिवसापर्यंत फोड वाळून कातडी सोलून गेली होती. नऊ होल दोनदा खेळायचे. सतराव्या होलवर बरोबरी, समोरून दर्याचा वारा, अंतर लांब. कॅप्टननी बॅगेतून टोपीवाला काढला. मी कुंपणाशी उभी होते. बॉल वाऱ्याखालून गेला आणि झेंड्यापासून दोन पावलांवर थांबला. तो होल त्यांचा झाला, अठरावा बरोबरीत सुटला, मॅच त्यांची. माझ्याजवळून जाताना ते हळूच म्हणाले, "ढोरां गोठ्यात इली गो."

संध्याकाळी जेवणावर त्यांनी अर्धा तास ब्लेडचं कौतुक केलं. टोपीवाल्याचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी पंचवीस हँडिकॅपचे दोन मेंबर माझ्याकडे रॉ ब्लेड मागायला आले. त्यातला एक काजूच्या तेलाचीही चौकशी करत होता.

आमच्या फिटिंग फॉर्ममध्ये वयाचा रकाना छापीलच आहे. त्याच्या वर मी आता पेनानं एक ओळ लिहिते: घरातल्या बरण्यांची झाकणं कोण लावतं? नाईक साहेब म्हणतात, हे प्रोफेशनल दिसत नाही. नसेल. पण जो गृहस्थ उत्तर देण्याआधी बायकोकडे बघतो, त्याला मी मशीन सुरू करायच्या आधी बोटं मिटायला लावते.