बुवा परत आले की नाही

धाकट्या,

हे पत्र मी छापायला देणार आहे, तेव्हा तू ते वाचशील अशी आशा नाही. तबकड्यांच्या वेष्टनावरचा मजकूर सोडून तू काही वाचल्याचं मला आठवत नाही. तरी तुलाच उद्देशून लिहिते. तुझ्याबद्दल लोकांना सांगायला बसलं की दर दोन वाक्यांनी मीच अडखळते. तुझ्याशी बोलले तर निदान भांडल्याचं समाधान तरी मिळेल.

आधी लोकांसाठी ओळख. तू माझा सख्खा धाकटा भाऊ. दाताच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणं हा तुझा धंदा. डॉक्टरांकडून तोंडाचा ठसा येतो, तू त्यात प्लास्टर ओततोस, साच्यावर मेणाच्या हिरड्या चढवतोस आणि त्यात एकेक दात चिमट्यानं बसवतोस. तुझ्या कामाच्या खोलीत अनोळखी माणसांचे पांढरे जबडे फळीवर ओळीनं बसलेले असतात, आणि कवळी घासायच्या चाकाखाली गुलाबी भुगा पडलेला असतो. माझ्या तोंडातली कवळीही तुझीच. पुढचा एक दात तू मुद्दाम जरा वाकडा लावलास. मी चिडले तर म्हणालास, तुझा होता तसाच लावलाय, सरळ लावला असता तर तू बोलताना लोकांना खोटं वाटलं असतं.

एवढं लांब वाक्य तू वर्षातून एखाद्या वेळीच बोलतोस. लहानपणी पाहुणे आईला विचारायचे, याला बोलता येतं ना? आई म्हणायची, येतं, पण वापरत नाही.

आता बुवांबद्दल. हे बुवा म्हणजे जॅझ वाजवणारे एक सॅक्सोफोनवादक. त्यांचं नाव माझ्या जिभेवर नीट बसत नाही, म्हणून आपल्या घरात ते पहिल्यापासून बुवा. बुवा तरुणपणी सरळ वाजवायचे, लोक डोळे मिटून डुलायचे. मग मध्येच त्यांना काय सुचलं कोण जाणे, पियानो काढून विजेवरचा पियानो आणला, गिटारला वायरी लावल्या आणि शेवटी स्वतःच्या सॅक्सोफोनलाही लावल्या. जुने चाहते म्हणाले, माणूस वाया गेला. आणि सगळ्या जगानं ज्या वर्षी त्यांना सोडलं, नेमकं त्याच वर्षी तू धरलंस. तू तेव्हा कवळ्यांच्या कारखान्यात शिकाऊ होतास. कोपऱ्यावरच्या दुकानात बुवांची नवी जोडतबकडी, म्हणजे एका वेष्टनात दोन, कुणी घेईना म्हणून दाराशी टांगून ठेवली होती. तू ऐकलीस आणि घरी घेऊन आलास. मी विचारलं, आवडली का? तू म्हणालास, कळली नाही म्हणून आणली.

या उत्तरातच मी सावध व्हायला हवं होतं. कारण त्यानंतर तीच तबकडी तू किती रूपांत आणलीस याला सुमार नाही. आधी कॅसेट, मग सीडी, मग तीच सीडी धुऊनपुसून, मग जाड कागदाच्या वेष्टनात, मग मूळ फितीवरून पुन्हा छापलेली, मग त्याच काळातल्या रेडिओवरच्या मैफिली, मग बुवांनी नापसंत करून टाकलेले तुकडे. माणसानं स्वतः टाकून दिलेलं तू वेचून आणतोस, याला भंगारवाला म्हणतात, मी म्हणाले. तुझ्या बायकोनं तर या सगळ्याला ‘विजेचा काळ’ असंच नाव ठेवलं होतं. वीज गेली की ती म्हणायची, चला, संपला काळ, आता माणसांसारखं जेवायला या.

मी उभा जन्म पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काढला. एका बाटलीतलं पाणी दोनदा तपासलं तर उत्तर एकच यायला हवं, आणि आलं की तिसऱ्यांदा तपासायचं नसतं. तू मात्र एकच पाणी जन्मभर तपासत होतास. का, ते एकदाच सांगितलंस. त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला एक जागा आहे. बुवा एक लहानशी ओळ वाजवतात, अगदी तोडून, रागावून, आणि गप्प होतात. मग बराच वेळ पियानो एकटाच चाचपडत राहतो. आपल्याला वाटतं बुवा निघून गेले. आणि मग ते परत येतात आणि तीच ओळ पुन्हा वाजवतात. सूर तेच, पण या वेळी राग गेलेला. तू म्हणालास, तेच सांगतोय, पण आता ऐकून घ्यायला थांबलाय.

मला ते कौतुक फारसं पटलं नाही. मग तू पुढचं सांगितलंस. लग्नानंतर तिसऱ्या की चौथ्या वर्षी तुझी बायको माहेरी निघून गेली होती. भिंतीशी संसार करायला मी आले नाही, असं म्हणून गेली. तू तिला आणायला गेलास, ‘घरी चल’ म्हणालास, ती नाही म्हणाली, तू आलास परत. घरातल्या सगळ्यांनी तुला शिकवलं: अमुक बोल, तमुक कबूल कर, माफी माग. तू काहीही पाठ केलं नाहीस. काही दिवसांनी पुन्हा गेलास आणि पुन्हा ‘घरी चल’ एवढंच म्हणालास. या वेळी ती आली. तेच दोन शब्द दुसऱ्यांदा वेगळे म्हणता येतात हे तू बुवांकडून शिकला होतास, असं तुझं म्हणणं. तुझा सगळा संसार त्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर उभा आहे, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे कळलं असं वाटलं.

आणि मग गेल्या वर्षी तो मोठा खोका आला. बुवांच्या त्या तबकडीसाठी स्टुडिओत जेवढं म्हणून वाजवलं गेलं होतं ते सगळं, न कापता, जसंच्या तसं. तू आठवडाभर कामाची खोली बंद ठेवलीस. डॉक्टरांचे फोन तुझी बायको घेत होती आणि लोकांना दातांवाचून ताटकळत ठेवल्याबद्दल शिव्या खात होती. शेवटी तिनं मला बोलावलं. म्हणाली, वन्सं, तुम्हीच बघा, जेवत नाहीत, धड झोपत नाहीत, कुणी गेल्यासारखं तोंड करून बसलेत.

मी आले तेव्हा तू तबकड्यांच्या मशीनसमोर स्टुलावर बसला होतास. मी काय झालं विचारलं.

“तो परत आलाच नाही, ताई,” तू म्हणालास.

मग ऐकवलंस. बुवा ती ओळ वाजवतात, रागावून. गप्प होतात. पियानो चाचपडतो. आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज, कुणीतरी खोकतं, कुणीतरी जेवणाबद्दल काहीतरी विचारतं, दार लागतं. संपलं. बुवा जेवायला गेले. खोक्यातल्या सगळ्या तबकड्या तू पालथ्या घातल्यास, ती ओळ दुसऱ्यांदा कुठेच नाही. म्हणजे फीत कापून जोडणाऱ्या माणसानं पहिल्या ओळीची नक्कल काढली आणि पियानोनंतर चिकटवली, एवढाच अर्थ उरतो. दोन्ही वेळा तोच आवाज. तोच राग.

मी माझ्या पद्धतीनं समजूत घालायला गेले. म्हटलं, मग बिघडलं कुठे? जोडणाऱ्यानं चांगलं जोडलं. तू स्वतः कवळ्या करतोस, खोट्या दातांनी माणसं खरं जेवतातच ना.

“कवळी मी कवळी म्हणून देतो,” तू म्हणालास. “दात म्हणून देत नाही.”

मग तू माझ्याकडे जरा निराळंच बघितलंस आणि म्हणालास, तुला यातलं ओ की ठो कळत नाही ना? मी म्हटलं, मुळीच नाही. म्हणालास, मग तूच ऐक. मला मशीनकडे पाठ करून बसवलंस. जुनी तबकडी लावलीस, पहिली ओळ, पियानो, दुसरी ओळ. विचारलंस, सारख्या आहेत का? मला माझ्या कानांनी जे ऐकू आलं ते मी सांगितलं. दुसरी मऊ आहे. मध्ये उठून पाणी पिऊन आल्यासारखी.

पुन्हा लावलंस. या वेळी पियानो नव्हता, ओळीला लागून ओळ. मी म्हटलं, दुसरी मऊ. तेव्हा तू सांगितलंस की या खेपेला तू खोक्यातली तीच एक ओळ दोनदा लावली होतीस.

माझ्या हाताखालच्या पोरीनं एकाच बाटलीची अशी दोन उत्तरं दिली असती तर मी तिला बाटल्या विसळायला बसवलं असतं. आता मीच ती पोरगी. मी पुन्हा लावायला सांगितलं, आणि माहीत असूनही दुसरी ओळ मऊच ऐकू आली. डोकं फिरायची वेळ आली. ओळीत फरक नाही, तर फरक कुठे आहे? कानात? की कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा म्हटली की तिच्यात आपोआप मऊपणा येतो, आणि मग तुझ्या त्या ‘घरी चल’मध्ये तुझं असं काहीच नव्हतं? तू तेच विचारत होतास, फक्त तोंडानं नाही.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. आडपडदा मला जमत नाही. तुझ्या बायकोला विचारलं की तेव्हा हा दुसऱ्यांदा आला, तेव्हा त्याच्या बोलण्यात काय वेगळं होतं?

ती कांदा चिरत होती. म्हणाली, “बोलण्यात कसलं वेगळं? दोन्ही वेळा तसंच, पावती मागितल्यासारखं. मी आले ती माहेरी वहिनीशी पटेना म्हणून.”

तू दारात उभा होतास. ती तुझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, “पहिल्या वेळी उंबऱ्याबाहेरूनच बोलले. दुसऱ्या वेळी चपला काढून आत आले, एवढं होतं.”

“मी चपला काढल्या होत्या?” तू विचारलंस.

तिनं मान हलवली आणि कांदा कढईत टाकला. तू किती वेळ स्वतःच्या पायांकडे बघत होतास. तुला ते आठवत नव्हतं. इतकी वर्षं तू आवाज ऐकत बसलास आणि पायांचं तुला माहीतच नव्हतं. यानं तुझं समाधान झालं की आणखी घोळ झाला, मला सांगता येणार नाही. त्या दिवशी तू जेवलास, एवढं खरं. पण जेवता जेवता म्हणालास, ती ओळ वेगळी नसेलच असं नाही. कदाचित एखादी फीत हरवली असेल, खोक्यात आलीच नसेल.

म्हटलं, कदाचित बिदाचित बास. प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली शिकलेल्या एका पोरीचा मुलगा ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत काम करतो. दोन आवाज पडद्यावर एकावर एक ठेवून नक्कल आहे की नाही ते तो चहा निवायच्या आत सांगेल. मी त्याला फोन केला, त्यानं वार दिला. त्या दिवशी तू जुनी तबकडी कापडी पिशवीत घालून आलास, वर टॉवेल गुंडाळून, एखादं आजारी मूल डॉक्टरकडे न्यावं तशी. आपण थांब्यावर बसलो. पिशवी तुझ्या मांडीवर.

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हरनं आपल्याकडे पाहिलं. मी तुझ्या उठण्याची वाट पाहत होते, तू बहुतेक माझ्या. दार बंद झालं आणि बस गेली.

“भरलेली होती,” तू म्हणालास.

निम्मी रिकामी होती. खिडकीपाशी तर कुणीच नव्हतं. मी आयुष्यात कुणाच्या असल्या बोलण्याला मान डोलावलेली नाही. त्या दिवशी म्हटलं, हो, फारच गर्दी. पुढच्या आठवड्यात जाऊ, तू म्हणालास.

त्यानंतर तू विषय काढला नाहीस. परवा त्या स्टुडिओतल्या मुलाचा फोन आला होता, येताय ना, आजी, म्हणून. भावाला विचारून कळवते, असं मी त्याला सांगितलंय. तुला विचारायचं राहिलंय.