मामाची गाडी लेट होती

मी भालकीत इंग्रजी शिकवतो. ‘लेट’ हा शब्द काही शिकवावा लागत नाही, पोरं तो घरूनच घेऊन येतात. ‘उशीर झाला’ म्हणताना मान खाली जाते. ‘लेट झालं’ म्हटलं की दोष बसचा, रस्त्याचा, कुणाचाही, आपण मोकळे. पोरांना हे कळतं तसं मलाही कळत होतं, आणि मी ते नको तिथं वापरलं.

भाचीचं लग्न दुबलगुंडीला होतं. तिचे वडील लवकर गेले, बारावीपर्यंत ती माझ्याच घरी राहून शिकली. आमच्यात अंतरपाट धरला की मामा नवरीच्या पाठीशी उभारतो. आठवडाभर तिचा एकच धोशा. “मामा, एक दहाचा मुहूर्त हाय. पाव्हणे टायमाचे पक्के हायत. लेट करू नका बरं.”

“व्हय गं बाई,” मी म्हणालो.

पण आमच्या भागात पत्रिकेतल्या वेळेत दोन तास मिळवल्याशिवाय घर कोण सोडतंय? बायको आदल्या दिवशीच गेली होती. सकाळची शाळा सुटली, सव्वाअकराची बस अगदी वेळेवर लागली. मी ती डोळ्यांदेखत जाऊ दिली आणि दाढी करायला गेलो. मोठा शहाणा ना मी. तिथं गप्पा रंगल्या, चहा झाला.

बारा वाजून गेल्यावर अक्काचा, माझ्या बहिणीचा, फोन आला. “कुठं हाईस रं? पोरगी विचारायलीय.”

“गाडी लेट हाय, अक्का,” मी न्हाव्याच्या खुर्चीतूनच सांगितलं.

पोचलो तेव्हा पंगती बसल्या होत्या. भाची पाया पडली. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला उभं करायला निघाले तेव्हा तिनंच अडवलं, हे बायकोनं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंतरपाट धरला तेव्हाचा फोटो अक्काच्या भिंतीवर आहे. नवरीच्या मागं माणूसभर जागा मोकळी. गेल्या दिवाळीला भाचीची जाऊ तो बघत म्हणाली, “मागं कोणच न्हाई, कामून?”

“मामा उभारणार होते,” भाची मला चहा देत म्हणाली. “त्यांची गाडी लेट होती. त्यांनी तरी काय करावं?”

गाडी वेळेवर होती, एवढंच मला तिला सांगायचं होतं. निघताना त्यासाठी दोनदा दारात थांबलो. मग बस चुकेल म्हणालो आणि निघालो.