माईंचा पंप आणि गावपळण

पंप दुरुस्तीच्या दुकानात स्पेअर पार्टपेक्षा किस्सेच जास्त साठतात. पार्ट निदान विकले तरी जातात! ऐंशी सालानंतर मालवणात आमचं असं दुकान होतं. मालक दादा, वायरमन बाबल आणि मी. आचऱ्याच्या माईंचा पंप मला अजून दुपारी डोळा लागता लागता ऐकू येतो.

माई निवृत्त शिक्षिका, घरात एकट्या. यजमानांनी जाण्याआधी विहिरीवर पंप बसवला होता, त्याला जोडून एक बंद लोखंडी टाकी. नळ सोडला की पंप आपोआप चालू, बंद केला की बंद. अशी टाकी आम्ही तिघेही पहिल्यांदाच बघत होतो. पण आता नळ जरा सोडला की क्षणाक्षणाला चालू-बंद : टक्, घुर्र, टक्, घुर्र! असा पंप जळायला वेळ लागत नाही. त्यात मुलाचं मुंबईहून पत्र आलेलं : 'पंप गेला की तू कळशी ओढायची नाहीस. मे महिन्यात न्यायला येतो.'

"माका मुंबयक जावचा नाय रे," माई म्हणाल्या. "काय तरी कर!"

*

बाबलने पंप चालू-बंद करणारा प्रेशर स्विच बदलला. नळ सोडला. टक्, घुर्र, टक्!

"स्विच नवो, सवय जुनी!" म्हणत बाबल सायकलवर बसला.

*

दादा कुठेही गेले की आधी डोळे मिटून विहिरीचं पाणी प्यायचे. मग त्यांनी पाइप वर ओढला. तळाच्या फूटव्हॉल्व्हवर एक पिवळा बेडूक आरामात बसलेला!

"गावलो चोर!" बाबल ओरडला.

व्हॉल्व्ह मात्र ठणठणीत. दादांनी बेडकाला बादलीत घालून अलगद परत विहिरीत सोडलं. "तेचो काय दोष? घरचो माणूस आसा तो."

*

मग मी. दुपारभर विहिरीच्या कठड्याला टेकून पंप ऐकत बसलो. माडांच्या सावल्या पाण्यात हलत होत्या. टक्, घुर्र... डोळा कधी लागला कळलंच नाही.

जागा झालो तर समोर माई, हातात कोकम सरबत. "निजलंस तरी चलात रे. पण तेका आधी गप कर!"

मला लाज वाटली. माईंचं घर सुटणार, हे मनात पक्कं झालं.

*

त्याच वर्षी देवाचा कौल मिळाला आणि आचऱ्याची गावपळण झाली. तीन दिवस माणसं, गुरं, कोंबड्यांसकट सगळा गाव वेशीबाहेर; गावात राहतात ते दुसरेच, डोळ्यांना न दिसणारे, असं आम्ही मानतो. मीही आचऱ्याचाच. माईंचं सामान घ्यायला गेलो. त्यांनी पंपाचा फ्यूज काढून पिशवीत टाकला आणि मोरीतले, अंगणातले, माडीवरचे सगळे नळ उघडे ठेवले.

"माई, नळ!"

"रवांदेत. तीन दिवस गाव त्यांचो. तान लागली तर त्येंनी कळशी खंय शोधूची?"

तीन संध्याकाळी आम्ही खाडीपलीकडून गाव बघत बसलो. एकाही घरातून धूर नाही. इतका शांत गाव, की आपलाच वाटेना.

परत आलो. नळ बंद केले, फ्यूज घातला. पंप घुर्र करून चालला, सावकाश थांबला. नळ सोडला. गप्प! बऱ्याच वेळाने एकदा टक् झालं, तेवढंच.

मी टाकीवर बोटाने ठोकून पाहिलं. इतके दिवस भरीव वाजणारी टाकी वरच्या अंगाला पोकळ वाजली. म्हणजे उघड्या नळांतून पाणी गेलं होतं आणि दाब धरून ठेवायला टाकीत लागते ती हवा आत आली होती. सांगायला तोंड उघडलं, पण माई पत्र लिहायला बसल्याही होत्या. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं :

'पंप बरा झाला. मे महिन्यात सुट्टीला ये, न्यायला नको. मिस्त्री गावातलेच. मी घरी नसताना येऊन गेले.'