तारीख टाकली का?

उमरग्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सगळ्यात मागं बिनखिडकीची एक खोली आहे. तिथं एक पांढरं यंत्र आहे, घमेलं उभं करून ठेवावं तसं. त्यात तोंड घालून बसायचं, हनुवटी टेकवायची, हातात बटन धरायचं. आत बारीक दिवे लागतात, कधी वर, कधी कडेला. दिसला की बटन दाबायचं. काचबिंदूनं नजरेचा किती भाग खाल्ला ते त्यावरून कळतं.

दरवेळी दिवा लागताना यंत्र ‘टक’ असा आवाज करतं. मला त्या आवाजाची भीती वाटते. टक झालं आणि काहीच दिसलं नाही, तर पुढचा टक होईपर्यंत मी श्वास धरून बसतो.

माझं नाव बब्रुवान. पाटबंधारे खात्यात तलावाची पातळी वाचायचं काम मी एकतीस वर्षं केलं. पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, वर कळवायचा. फारसं कुणाशी बोलावं लागत नव्हतं, म्हणून ते काम मला जमलं. आकड्यांपलीकडं मी फारसं काही लिहिलेलं नाही, आणि हे नीट लिहून होईल का, तेही माहीत नाही. पण शिवलीलाताईंबद्दल लिहायचं मनात आहे.

शिवलीलाताई ते यंत्र चालवतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, कपाळावर विभूती, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांचे वडील शिवलिंगप्पा यांचं हायवेवर रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान होतं. ट्रकवाले जाताना टेप टाकायचे आणि हैदराबादहून येताना घेऊन जायचे. शाळा सुटली की ताई वडिलांशेजारी बसायच्या. बारीक तारेला कथलाचा डाग कसा द्यायचा, ते तिथंच शिकल्या. लग्नानंतर चार वर्षांत नवरा वारला. मग या दवाखान्यात केसपेपर लिहायला लागल्या. डॉक्टरांनी हे यंत्र कुठूनतरी जुनं विकत आणलं, तेव्हा ते चालवायला कुणी पुढं येईना. ताई म्हणाल्या, “मी बघते.” त्याला आता चौदा वर्षं झाली.

यंत्राला जोडलेला कॉम्प्युटर अठ्ठ्याण्णव सालचा, त्यातलं विंडोजही तेव्हाचंच. नव्या कॉम्प्युटरला हे यंत्र जोडता येत नाही. बनवणाऱ्या कंपनीनं कधीच हात वर केले. पण हजारावर पेशंटांच्या तपासण्या त्यात आहेत आणि त्या दुसऱ्या कशातही उघडत नाहीत. माझ्या नऊ वर्षांच्याही त्यातच आहेत. म्हणून ताई त्याला जपतात. दर शनिवारी झाकण काढून ब्रशनं धूळ झाडतात, मेमरीची पट्टी उपसून तिचे दात खोडरबरानं घासतात. पंख्याच्या भोकावर मच्छरदाणीचा तुकडा लावलाय, कॅबिनेट दोन विटांवर ठेवलंय. टेबलाखाली तसलाच दुसरा कॉम्प्युटर पडलेला असतो. तो त्यांनी सोलापूरच्या भंगारातून सुट्या भागांसाठी आणला.

एकदा एका पोरगेल्या पेशंटानं विचारलं, “ह्याच्यावर नेट चालतंय का?”

“न्हाय,” ताई म्हणाल्या. “बाळंतीण हाय ती. बाहेरचं वारं लागू द्यायचं न्हाय.”

या कॉम्प्युटरला एक दुखणं आहे. त्याचं घड्याळ चालवणारा सेल एका चिपच्या पोटात गाडलेला आहे आणि तो संपून वर्षं झाली. बाहेरून बदलता येत नाही. त्यामुळं कॉम्प्युटर बंद पडला की त्याची तारीख एक जानेवारी १९९८ वर जाते. ताई रोज सकाळी हातानं तारीख टाकतात. मॉनिटरच्या कडेला त्यांनी चिठ्ठी चिकटवली आहे : तारीख टाकली का? सुरू केला की आधी चिठ्ठीवर बोट ठेवायचं, मग तारीख टाकायची. मी हे इतक्यांदा पाहिलंय की एकदा विचारलं होतं, तारखेचं एवढं काय?

“काका, हे मशीन तुमची नजर तुमच्याच वयाच्या धडधाकट माणसाबरोबर ताडून बघतंय. वय काढतंय तारखेवरून. तारीख चुकली की सगळंच चुकलं.”

माझा डावा डोळा सहा वर्षांपूर्वी गेला. एका मोठ्या शहरात ऑपरेशन केलं होतं. आठव्या दिवशी पट्टी सोडली, तर उजेडसुद्धा कळेना. हजारात एखाद्याचं असं होतं, असं तिथले लोक म्हणाले. आता उजवा एकच आहे. तपासणीला जाताना मला कशाची भीती वाटते, ते यावरून समजेल.

गेल्या ऑक्टोबरात मी गेलो. माझा नंबर लागला, ताईंनी डाव्या डोळ्यावर पट्टी लावली आणि एवढ्यात लाईट गेली. कॉम्प्युटरच्या बॅटरीनं दोन मिनिटं दम धरला, मग तोही बंद पडला. दहा मिनिटांनी लाईट आली. ताईंनी बटन दाबलं, तेवढ्यात बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पलीकडच्या कर्नाटकातली एक म्हातारी पायरीवरून घसरली होती. ताई पळत गेल्या. कानडीत तिला धीर देत बाकावर बसवलं, पाणी पाजलं, पाय दाबून बघितला. परत आल्या, घाम पुसला आणि म्हणाल्या, “ठेवा हनुवटी, काका. लई वेळ झाला.”

त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं नाही.

मी ते पाहिलं. ताई, तारीख राहिली वाटतं, एवढंच म्हणायचं होतं. पण वाटलं, मघाशी टाकली असेल, आपलं लक्ष नसेल. चौदा वर्षं चालवणाऱ्या बाईला आपण काय सांगणार? मी हनुवटी ठेवली. टक, टक, टक. नेहमीसारखे बरेच दिवे मला दिसले नाहीत.

डॉक्टरांनी कागद समोर धरला, मागच्या वर्षीचा शेजारी ठेवला. वरचं काही न वाचता ते थेट चित्राकडं गेले. नजर कमी पडलेल्या जागांचे काळे ठिपके वाढले होते.

“बब्रुवानराव, फार झपाट्यानं चाललंय. थेंबांनी आवरायचं नाही. शुक्रवारी ऑपरेशन करून टाकू.”

“बरं,” मी म्हणालो.

तो सोमवार होता. मंगळवारी दुपारी उजव्या डोळ्यावर हात ठेवून मी अंगणातून न्हाणीपर्यंत चालून पाहिलं. सतरा पावलं आहेत. अकराव्या पावलाला रांजणावर आदळलो.

माझी बायको सिताबाई दारातून बघत होती. “अवं, काय करायलाव?”

“काही नाही.”

“आंधळी कोशिंबीर खेळायचं वय हाय व्हय तुमचं?” ती म्हणाली. पण आली आणि माझा दंड धरून उभी राहिली.

बुधवारी मी तो कागद भिंग घेऊन पाहिला. आकडे बघायची सवय जात नाही. वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत तारीख होती, एक जानेवारी अठ्ठ्याण्णव. जन्मतारीख एक जून एक्कावन्न. आमच्या वर्गातल्या निम्म्यांची तीच आहे, मास्तरांनी टाकलेली. खाली वय होतं, शेहेचाळीस.

माझं वय त्र्याहत्तर आहे.

चिठ्ठी आठवली. शेहेचाळीस वर्षांच्या माणसाबरोबर माझी नजर ताडली गेली असेल, तर ठिपके काळे दिसणारच. पण लगेच दुसरं मन म्हणालं, अरे, तुला ऑपरेशनची भीती वाटते म्हणून तू पळवाट शोधतोस. खरंच डोळा जात असेल आणि तुझ्या या शंकेपायी उशीर झाला तर? डाव्याचं ऑपरेशनही मी उशिराच करून घेतलं होतं. मला दोन्हीकडून भीती वाटायला लागली.

सिताबाईला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. कागद तिच्यापुढं धरला. “हे किती?”

“शेचाळीस. कुणाचं वय?”

“माझं.”

“लेकरू चाळिशीला आलं अन् तुमी शेचाळीस,” ती म्हणाली. मग हसू थांबवून माझ्याकडं बघितलं. “हे त्या बाईला दाखवलं का?”

“कसं दाखवू? त्यांची चूक काढल्यासारखं होईल.”

“मग डोळा द्या त्यांना. चूक झाकाया.”

गुरुवारी एसटीनं उमरग्याला गेलो. कागद खिशात घडी घालून. बाकावर बसलो, माझ्यानंतर आलेले तिघं आत जाऊन आले, तरी उठलो नाही. एकदा तर उठून दारापर्यंत गेलो, बाहेर ट्रकांची रांग पाहिली, परत आलो. शेवटी ताईच बाहेर आल्या.

“काका? तुमचं उद्या हाय न्हवं?”

मी कागद उघडून त्यांच्यापुढं धरला आणि वयावर बोट ठेवलं.

ताईंनी चष्मा लावला. वाचलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मी पाहिला. त्या भिंतीला टेकल्या.

“लाईट गेलती,” त्या हळू म्हणाल्या. “ती म्हातारी पडलती.”

“हो.”

“तुमी बघितलंतं का? मी चिठ्ठीला हात लावला न्हाय ते?”

मला खोटं बोलता आलं असतं. “बघितलं होतं.”

“मग बोलायचं न्हाय का, काका?” त्यांचे डोळे भरले. “मी तुमचा डोळा कापाया पाठवलं असतं.”

त्या तशाच डॉक्टरांकडं गेल्या. दार उघडंच होतं. आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “सर, सोमवारी माझी चूक झाली. तारीख टाकली न्हाय मी. काकांचा रिपोर्ट खोटा हाय.”

डॉक्टरांनी कागद घेऊन वरची ओळ वाचली. “मीही वाचायला हवं होतं,” ते म्हणाले. “परत करा.”

त्या वेळेइतकी भीती मला कधी वाटली नाही. खोट्या कागदाची आशा धरून आलो होतो आणि आता खरा निघणार होता. ताईंनी तारीख टाकली आणि मॉनिटर माझ्याकडं वळवला. “वाचा.”

मी वाचली. दिवस, महिना, साल.

मग अंधार. टक. दिसला. टक. दिसला. टक, आणि काही नाही. बटन घामानं निसटत होतं. सहा-सात मिनिटं मी त्या घमेल्यात तोंड घालून बसलो होतो.

डॉक्टरांनी तिन्ही कागद शेजारी ठेवले. खालच्या कोपऱ्यात काळं थोडं वाढलं होतं, बाकी मागच्या वर्षासारखंच. “उद्याचं रद्द. थेंब बदलू. चार महिन्यांनी या, चुकवू नका.” मग ताईंना म्हणाले, “आता नवीनच घेऊ या.”

“घ्या, सर. पण हे बंद करू नका. काकांची नऊ वर्षं त्या नव्यात जायची न्हाईत.”

दिवाळीच्या सुट्टीत ताईंनी ती चिप कोरून तिला बाहेरून सेल जोडला. आधी भंगारातून आणखी तसल्या चिप आणून टेबलाखालच्या कॉम्प्युटरवर तीनदा करून पाहिलं. दोनदा चिप मेली, तिसऱ्यांदा जमलं. मग या खऱ्यावर. हात चुकला असता तर सगळ्या तपासण्या गेल्या असत्या. “वडलांचा डाग द्यायचा कावीया घेतला,” त्या म्हणाल्या. “जीव मुठीत धरून बसले होते बघा. पंखासुद्धा बंद केला.”

फेब्रुवारीत मी गेलो, तेव्हा तारीख आपोआप बरोबर होती. चिठ्ठी मात्र तिथंच होती. ताईंनी मॉनिटर वळवला.

“वाचा, काका.”

“आता गरज आहे का?”

“मला हाय.”

मी मोठ्यानं वाचली. त्यांनी डाव्या डोळ्यावर पट्टी लावली, दार ओढून घेतलं. मी हनुवटी टेकवली, बटन धरलं आणि टकची वाट बघत बसलो.